मारेगावहून एका दिवसात: जुने भांदक

मारेगावहून सकाळी लवकर वणी गाठावी, पाटाळ्याच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडून वरोरा, आणि पुढे चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावती, म्हणजेच जुने भांदक. पुराच्या दिवसांत निघण्याआधी पुलाची चौकशी करावी.

विजासन टेकडीतली बौद्ध लेणी ऊन चढण्याआधी पाहावीत. मुख्य बोगदा डोंगरात सरळ सुमारे ७० फूट आत जातो आणि टोकाला बसलेले भव्य बुद्ध दिसतात. दोन्ही बाजूंना काटकोनात फुटलेल्या बोगद्यांच्या शेवटीही एकेक मूर्ती आहे. आत अंधार असतो, विजेरी हवीच.

खरी नवलाई मात्र डोलारा तलावातली. बेटावर नेणारा जुना दगडी पूल, आणि त्याला कमान एकही नाही! जाड खांबांच्या दोन रांगा आणि त्यांवर टाकलेल्या दगडी तुळया, एवढाच मामला. लोक गावातल्या भद्रनागाच्या देवळात दर्शन घेऊन परस्पर निघून जातात, हा पूल राहूनच जातो.

भांदकला सापडलेला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट शके ६९४ चा, म्हणजे इ.स. ७७२ चा. सूर्यमंदिराला गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे.

देवळांचे शिल्पवैभव पाहायचे तर वैनगंगेकाठचे मार्कंडा (ता. चामोर्शी, जि. गडचिरोली) गाठावे. त्याला खजुराहोची उपमा देतात. पण त्यासाठी चंद्रपूरला मुक्काम करावा, आणि निवांतपणा हवा असेल तर महाशिवरात्रीची यात्रा टाळावी.