थेंबागणिक नवा आरसा

केसाएवढ्या छिद्राच्या काचेच्या नळीतून पाऱ्याचा थेंब द्रावणात फुगत जातो, काही सेकंदांत सुटतो आणि त्याच्या जागी दुसरा धरू लागतो. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात यारोस्लाव हेयरोव्स्की यांनी १९२२ साली या थेंबालाच इलेक्ट्रोड केलं आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत त्यातून जाणारा प्रवाह मोजला. प्रवाह मायक्रोअँपिअरमधला, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षांश भागातला.

पाराच का? घन धातूच्या पृष्ठभागावर आधीच्या अभिक्रियेचा थर साचतो आणि पुढचं मोजमाप बिघडतं. पाऱ्याचा प्रत्येक थेंब मात्र कोरा, लखलखीत. शिवाय पाऱ्यावर हायड्रोजन सहजी सुटत नाही, त्यामुळे द्रावणातले जस्तापर्यंतचे धातू टिपता येतात. एवढ्या साध्या गोष्टीत एवढी ताकद असावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सुरुवातीला एकेक बिंदू हातानं मोजावा लागे. एका आलेखात तासन् तास जात. १९२४ मध्ये जपानहून आलेल्या मासुझो शिकाता यांच्यासोबत हेयरोव्स्कींनी पोलॅरोग्राफ बांधला. एक दंडगोल फिरताना व्होल्टेज वाढवी, त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या दंडगोलावर फोटोचा कागद गुंडाळलेला. प्रवाह मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरच्या इवल्याशा आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका त्या कागदावर प्रवाहाची रेघ ओढी. काही मिनिटांत काम फत्ते. आपोआप आलेख काढणाऱ्या विश्लेषण-यंत्रांतलं हे अगदी सुरुवातीचं.

त्या कागदाकडे नीट पाहावं. रेघ करवतीसारखी दातेरी असते, कारण थेंब मोठा होताना प्रवाह चढतो आणि थेंब सुटला की कोसळतो. या दात्यांमधूनच एकेक पायरी वर चढते. कॅलोमेल या संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत पायरीचा मध्य उणे ०.४ व्होल्टजवळ आला तर बहुधा शिसं, उणे ०.६ जवळ कॅडमियम, उणे १ जवळ जस्त. म्हणजे जागा सांगते काय आहे आणि उंची सांगते किती आहे. उंचीचं गणित दियोनिझ इल्कोविच यांनी १९३४ मध्ये समीकरणात बसवलं. हवेतून विरघळलेला ऑक्सिजन स्वतःच्या दोन पायऱ्या घुसवतो, म्हणून आधी द्रावणातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून त्याला हाकलावं लागतं. यात घाई करून चालत नाही.

१९५९ चं रसायनशास्त्राचं नोबेल हेयरोव्स्कींना याच कामासाठी मिळालं. पारा विषारी, त्यामुळे थेंबांची ही नळी आता प्रयोगशाळांतून मागे पडली आहे. पद्धत मात्र हयात आहे: घरोघरी साखर तपासताना ग्लुकोमीटरची पट्टी रक्ताच्या थेंबातून असाच इवलासा प्रवाह मोजते.