बाथ गावचं ऊन पाणी

बंब पेटवायला नको, गॅस संपायची धास्ती नको, विजेच्या बिलाची काळजी नको. रात्रंदिवस जमिनीतून आपलं आपण कढत पाणी येतंय! असं सुख कुणा गृहिणीला नको असेल? इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळच्या एका शहरात हे हजारो वर्षं चालू आहे. शहराचं नावच मुळी बाथ, म्हणजे स्नान! आपल्या वज्रेश्वरीचे, राजापूरचे गरम पाण्याचे झरे तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिले असतील. त्याच जातीचं हे पाणी. हजारो वर्षांपूर्वी टेकड्यांवर पडलेला पाऊस खडकांतून खोल झिरपला, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापला आणि भेगांतून वर आला. रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी, तेही ४६ अंश सेल्सिअसचं. विसण घातल्याशिवाय अंगावर घेववणार नाही!

देवीच्या दारी तक्रार

रोमन लोक पहिल्या शतकात इथे आले, तेव्हा हा झरा ‘सुलिस’ नावाच्या स्थानिक देवीचा होता. आपल्याकडे ग्रामदेवतेला पार्वतीचं रूप मानतात ना, तसं रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडलं, देऊळ बांधलं, शिशाचे पत्रे ठोकून मोठा हौद केला. त्यांनी बांधलेलं गटार अजून पाणी वाहून नेतं, बरं का!

पण स्नानाला गेलं की काठावरच्या कपड्यांवर डोळा ठेवायला कोण? चोऱ्या व्हायच्या. मग लोक धातूच्या पातळ पत्र्यावर तक्रार लिहून झऱ्यात टाकायचे. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. एकाने झगा चोरणाऱ्याला शाप दिलाय: पुरुष असो की बाई, त्याला ना झोप लागो, ना मूलबाळ होवो! एका झग्यापायी केवढा हा तळतळाट!

राणीची आशा

पुढे राजेराण्याही इथे येऊ लागल्या. १६८७ मध्ये राजा दुसरा जेम्स याची राणी मेरी इथे स्नानासाठी आली. तिची मुलं लहानपणीच दगावली होती. १६८८ च्या जून महिन्यात तिला मुलगा झाला आणि पाण्याचा महिमा गावभर झाला. राणीला पूर्वीही दिवस राहत होतेच, हे मात्र कुणी ध्यानात घेतलं नाही. वारस कॅथलिक होणार या धास्तीने राजाचे विरोधक बिथरले आणि त्याच वर्षी राजाला देश सोडून पळावं लागलं.

त्या काळी पाण्यात उतरताना बायका काय नेसत? सीलिया फाइन्स नावाच्या प्रवासिनीने लिहून ठेवलंय: पिवळ्या किनतानाचा ताठ, घोळदार झगा. त्यात पाणी भरलं की तो अंगापासून दूर फुगून राही आणि अंगाचा आकार दिसत नसे.

गुण कशाचा?

मग सगळी भाबडी समजूतच का? तसंही नाही. १७४२ मध्ये इथे सुरू झालेल्या रुग्णालयात शिशाच्या विषाने हातपाय लुळे पडलेले रंगारी, नळकाम करणारे येत आणि पुष्कळसे बरे होऊन जात. १९८० च्या दशकात संशोधकांनी याचा छडा लावला. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की मूत्रपिंडं जास्त काम करतात आणि लघवीवाटे शिसं बाहेर पडतं. म्हणजे गुण मुख्यतः तासन्‌तास पाण्यात बसण्याचा!

आणि तो अपघात

याच पाण्याने १९७८ मध्ये एका मुलीचा जीव घेतला. पोहताना नाकात गेलेल्या पाण्यातून अमीबा नावाचा सूक्ष्म जीव मेंदूत शिरला. स्नान ताबडतोब बंद झालं. मग खोल विंधण घेऊन स्वच्छ पाणी आणलं गेलं. शुद्ध करून, निववून घेतलेल्या पाण्याची नवी स्नानगृहं उघडायला २००६ साल उजाडलं. रोमन हौद आज फक्त पाहायचा. त्यात हातही घालू देत नाहीत.

हे परक्या देशाचं म्हणून सोडून देऊ नका. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये याच प्रकारच्या मेंदूज्वराने माणसं दगावली आहेत. आजार विरळा, पण झाला तर माणूस वाचणं कठीण. तेव्हा गरम कुंडावर गेलात तर खुशाल पाण्यात बसा, पण डोकं वर ठेवा. बुडी मारू नका, मुलांनाही मारू देऊ नका. पाण्याने नाकावाटे शिरूनच हा आजार होतो, पोटात गेल्याने नाही. घरी जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या. दिवस गेले असतील किंवा रक्तदाब, हृदयविकार असेल, तर कढत पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि हो, काठावरच्या कपड्यांवर एकीने लक्ष ठेवा!