अर्धवेळ काम आणि अधू प्रकृती

मदत घेणाऱ्याने काम शोधलेच पाहिजे, हा नियम ऐकावयास न्याय्य वाटतो. सार्वजनिक तिजोरीतून ज्याला पैसा मिळतो त्याने हातपाय हालवावेत, असे म्हणण्यात कोणाला वावगे दिसणार नाही. परंतु जो मनुष्य आधीच काम करीत आहे, आणि प्रकृतीच्या मानाने झेपेल तेवढे करीत आहे, त्याला हा नियम लावला म्हणजे काय होते? ब्रिटनमध्ये हा प्रश्न अलीकडे फार निकडीचा झाला आहे. त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेऊ. २०१२ च्या कायद्याने ब्रिटनने सहा निरनिराळी साहाय्ये एकत्र करून 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाचा एकच मासिक भत्ता निर्माण केला व २०१३ च्या एप्रिलात त्याचा आरंभ झाला. हा भत्ता केवळ बेकारांसाठी नाही. थोडक्या मिळकतीवर काम करणाऱ्यांनाही तो मिळतो आणि मिळकत वाढेल तसा तो कमी होत जातो. यामुळे झाले असे की, काम शोधण्याची जी अट एके काळी बेकारापुरती होती, ती आता नोकरी करणाऱ्याच्या दारातही येऊन उभी राहिली.

ही अट पुरतेपणी कोणाला लागू करावयाची, हे मिळकतीच्या एका रेषेवरून ठरते. ही रेषा तासांत सांगतात, पण मोजतात पैशांत. म्हणजे किमान वेतनाच्या दराने आठवड्याला अमुक तास काम केल्यास जी मिळकत होईल ती. पूर्वी ही रेषा ९ तासांवर होती. २०२२ च्या सप्टेंबरात ती १२ तासांवर, २०२३ च्या जानेवारीत १५ तासांवर व २०२४ च्या मे महिन्यात १८ तासांवर नेण्यात आली. एकट्या माणसाच्या बाबतीत त्या वेळी ती महिना ८९२ पौंड होत होती. जो रेषेखाली राहिला त्याने जॉब सेंटरमधील वर्क कोचला वारंवार भेटावयाचे आणि करारपत्रात लिहिल्याप्रमाणे अधिक कामाचा शोध करावयाचा. हा शोध सामान्यतः आठवड्याला ३५ तासांचा धरतात व त्यातून प्रत्यक्ष कामाचे तास वजा करतात. पुरेशा कारणावाचून हयगय झाल्यास एकट्या माणसाची भत्त्याची मूळ रक्कम पहिल्या वेळी २८ दिवस व वर्षाच्या आत पुन्हा तसेच घडल्यास ९१ दिवस थांबते.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. ज्यांना अधिक तास काम करता येईल त्यांनी ते करावे व हळूहळू भत्त्यावाचून उभे राहावे, हा त्यामागील हेतू आहे. धडधाकट माणसाच्या बाबतीत त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण रेषेला माणसाची मिळकत तेवढी दिसते. त्याची प्रकृती दिसत नाही. आळसाने सोडलेला तास आणि दुखण्याने हिरावलेला तास तिच्या लेखी सारखेच.

प्रकृती पाहण्यासाठी निराळी चाचणी आहे. तीत कामाची शक्ती मर्यादित आहे असे ठरले की काम शोधण्याची अट उठते. परंतु या चाचणीच्या दारावरही मिळकतीचीच एक रेषा आखलेली आहे आणि ती १६ तासांची आहे! तेवढी मिळकत असणाऱ्याला सर्वसाधारणपणे कामास समर्थच धरतात. अपंगत्वाचा स्वतंत्र भत्ता ज्यांना मंजूर आहे अशांचा अपवाद.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, संधिवाताने पीडित अशी एक बाई २०२४ साली एका दुकानात आठवड्याला १७ तास काम करीत होती. त्या वेळच्या ११ पौंड ४४ पेन्स या किमान दराने तिची मिळकत महिना सुमारे ८४३ पौंड होते. ८९२ च्या ती खाली आहे, म्हणून तिने आणखी काम शोधलेच पाहिजे. पण १६ तासांची रेषा ७९३ पौंडांची, तिच्या ती वर आहे. म्हणून स्वतंत्र भत्ता नसेल तर चाचणीचे दार तिला बंद. एका रेषेच्या हिशेबी तिचे काम अपुरे आणि दुसरीच्या हिशेबी तेच तिच्या निरोगीपणाचा पुरावा! चाचणी हवी तर तिने एकदोन तास सोडावेत, म्हणजे जे काम टिकवावे अशी सर्वांची इच्छा, तेच कमी करावे. ही अडचण तिच्या दुखण्याने आणलेली नाही. ती दोन नियमांच्या मधल्या फटीतून निघालेली आहे.

यावर उपाय अगदीच नाही असे नव्हे. शारीरिक वा मानसिक विकार असणाऱ्यासाठी ३५ तासांची अपेक्षा कमी करता येते, असे नियमांतच म्हटले आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर शोध सौम्य किंवा तात्पुरता बंद करता येतो. २०१० च्या समानतेच्या कायद्याने अपंग व्यक्तीसाठी वाजवी सोय करणे कचेरीवर बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर फेरविचार मागता येतो व पुढे न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र यातील पुष्कळसे समोर बसलेल्या वर्क कोचच्या समजुतीवर अवलंबून राहते. ज्याला आपले दुखणे नीट मांडता आले त्याला सवलत मिळते. जो संकोचाने गप्प बसला त्याच्या करारपत्रात ठरावीक मजकूर पडतो. २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने ही चाचणीच पुढे रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. तसे झाल्यास वर्क कोचच्या विवेकावरील भार वाढेल असे आम्हांस वाटते.

आपल्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. तेथे काम मागावयाचे मजुराने व पुरवावयाचे सरकारने. ब्रिटनमध्ये मदत सरकारची व काम शोधण्याचा भार माणसावर. दिशा उलट्या असल्या तरी दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत असते: अंगी काम करण्याचे बळ आहे. ते अर्धेच असेल तर काय, हा प्रश्न दोहोंकडेही उरतोच.

पुष्कळ दुखणी अशी असतात की त्यांत आजचा दिवस बरा व उद्याचा वाईट. अशा माणसाचे १७ तास निरोगी माणसाच्या ४० तासांइतके कष्टाचे असू शकतात. म्हणून 'किती काम केले?' या प्रश्नाच्या आधी 'किती झेपते?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारण्याची सक्ती नियमानेच कचेरीवर केली पाहिजे. तो विचारण्यास फार खर्च येत नाही. न विचारल्यास मात्र कसेबसे उभे असलेले माणूस खाली बसते, आणि मग त्याला पुन्हा उभे करण्याचा खर्च त्याच तिजोरीवर पडतो.