दहापैकी सात : ड्रेसेजची मोठी स्पर्धा हौशी स्वारानं कशी पाहावी, आणि शिक्षकानं का पाहावी



सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसेज संघानं सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीत आपल्याला ४१ वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा असे चौघे त्या संघात होते. परिपाठात ही बातमी सांगितली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे घोडा नाचतो का? सारंगखेड्याच्या जत्रेतल्यासारखा?"

प्रश्न चांगला आहे. वरवर पाहिलं तर उत्तर 'हो' असंच वाटतं. पण ड्रेसेज समजून घेतलं तर त्यात शिकवणं, शिकणं आणि गुण देणं या आपल्या रोजच्या तिन्ही कामांबद्दल बरंच काही सापडतं. हल्ली पुण्या-मुंबईत अनेक मुलं हौसेनं घोडेस्वारी शिकतात. त्यांच्या पालकांनाही या लेखाचा उपयोग व्हावा.

ड्रेसेज म्हणजे काय?

हा शब्द फ्रेंच आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ शिकवणं, तयार करणं. म्हणजे नावातच शिक्षण आहे! २० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब असं आयताकृती मैदान असतं. त्याच्या कडेला अक्षरं लावलेली असतात. कोणत्या अक्षरापाशी घोड्यानं काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. 'अमुक अक्षरापाशी थांबा, तमुक अक्षरापासून तिरकं जा' अशी ती लांबलचक सूचनावली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वाराला ती तोंडपाठ असावी लागते. खालच्या पातळीवरच्या स्थानिक स्पर्धांत मात्र बाहेर उभं राहून कुणी सूचना वाचून दाखवलेली चालते. नवशिक्यांसाठी केवढी सोय!

सर्वांत वरच्या पातळीला ग्राँ प्री म्हणतात. त्यात घोडा जागच्या जागी दुडकी चालतो, त्याला पियाफ म्हणतात. हवेत क्षणभर थांबल्यासारखी संथ, उंच दुडकी म्हणजे पसाज. मागच्या पायांवर भार घेऊन तो जवळपास जागेवरच गोल फिरतो, ते पिरुएट. आणि धावताना प्रत्येक पावलाला पुढचा पाय बदलतो, तेही सलग १५ वेळा. हे सगळं स्वार करवून घेतो ते मांडीच्या दाबानं, पाठीच्या हालचालीनं आणि लगामाच्या हलक्या स्पर्शानं. तोंडानं चुचकारलं तरी गुण जातात. घोडा किमान आठ वर्षांचा झाल्याशिवाय त्याला ग्राँ प्रीमध्ये उतरवता येत नाही. आपल्याकडे आठ वर्षांचं मूल तिसरीत असतं, हे सहज आठवलं!

हौशी माणसाची जागा

ऑलिंपिकमध्ये ड्रेसेज १९१२ साली स्टॉकहोमला आलं. पण १९४८ पर्यंत त्यात फक्त लष्करी अधिकाऱ्यांनाच भाग घेता येत असे. साधा सैनिकही चालत नसे. १९४८ मध्ये स्वीडनच्या संघानं सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी ते काढून घेतलं गेलं. कारण? त्यांच्यातला एक स्वार, गेनॅल पेर्सोन, खरा अधिकारी नव्हता. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. घोडा तोच, कौशल्य तेच, फक्त खांद्यावरची पट्टी वेगळी.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून नागरिकांना आणि स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे होते. घोड्यावर चढता-उतरताना मदत लागायची. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा रौप्य मिळवलं. दार उघडल्याबरोबर आत कोण आलं बघा!

दुसरं नाव जपानच्या हिरोशी होकेत्सु यांचं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या प्रकारात उतरले होते. मग आयुष्यभर कंपनीत नोकरी केली आणि नोकरी सांभाळून घोड्यावर बसत राहिले. निवृत्तीनंतर शिकायला जर्मनीतल्या आखेनला जाऊन राहिले आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसेजमध्ये उतरले. तेव्हा त्यांचं वय होतं ७१. 'आता या वयात काय शिकायचं' असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं तर हे उदाहरण सांगा.

आखेनला गेलात तर काय पाहाल?

होकेत्सु जिथे राहिले त्या आखेनमध्ये दरवर्षी उन्हाळ्यात घोडेस्वारीचा मोठा महोत्सव भरतो. घोडेस्वारांची ती पंढरीच. मुख्य स्टेडियममध्ये सुमारे ४० हजार माणसं बसतात. ड्रेसेजसाठी वेगळं, लहान स्टेडियम आहे. समजा, तुम्ही किंवा तुमचं मूल हौसेनं घोडेस्वारी शिकत आहात आणि अशा एखाद्या स्पर्धेला जायचा योग आला. किंवा घरी बसून प्रक्षेपण पाहताय. तर पदक कुणाला मिळालं एवढंच बघून उठू नका. पुढच्या गोष्टी बघा.

१. सरावाचं मैदान. मुख्य मैदानावर जाण्याआधी प्रत्येक जोडी शेजारच्या मैदानात घोड्याचं अंग मोकळं करते. जिथून ते दिसतं तिथे आधी जाऊन उभे राहा. जगातले नावाजलेले स्वार तिथे काय करतात? साधी चाल, मोठी वर्तुळं, लगाम सैल सोडून घोड्याला मान लांब करू देणं. म्हणजे तुमचं मूल रविवारी सकाळी जे कंटाळून करतं तेच! ते पाहिलं की 'सर, उडी कधी शिकवणार?' हा हट्ट थोडा कमी होतो.

२. साधी चाल. कार्यक्रमात घोडा चालायला लागला की प्रेक्षक गप्पा मारायला लागतात. खरं तर तेव्हाच नीट बघायचं. अवघड कसरतींच्या मधोमध घोडा शांतपणे, लांब पावलं टाकत चालू शकतो का? आतून ताणलेला घोडा तिथे हमखास उघडा पडतो. पावलं आखडतात, मान ताठ होते.

३. एका चालीतून दुसरीत जाणं. दुडकीतून थांबणं, थांबल्यावर पुन्हा निघणं, कोपऱ्यात वळणं. चांगला स्वार प्रत्येक बदलाआधी घोड्याला हलकीशी सूचना देतो : 'आता काहीतरी येणार आहे हं.' आपण गणिताचा तास संपवून मराठीकडे वळताना मुलांना अशी सूचना देतो का?

४. तोंड, शेपूट, कान. घोडा तोंड उघडून धडपडत असेल, शेपटी सारखी झटकत असेल, तर कुठेतरी त्रास आहे. मान इतकी ओढून घेतलेली दिसली की हनुवटी छातीला टेकावी, तर तेही चांगलं लक्षण नाही.

५. चुकल्यावर काय होतं. स्वार रस्ता चुकला तर घंटा वाजते, पंच चूक सांगतात, थोडे गुण जातात आणि पुढे चालू. तो क्षण बघा. ज्या जोडीचा एकमेकांवर विश्वास आहे, ती दोन पावलांत सावरते.

एक आणखी. सगळे स्वार वरवर पाहण्यापेक्षा एकच जोडी निवडा आणि सरावापासून शेवटच्या सलामीपर्यंत तिच्यामागे राहा. खूप जास्त कळतं.

गुण कसे देतात?

शिक्षक म्हणून मला सगळ्यात आवडलेला भाग हा. ऑलिंपिकमध्ये सात पंच मैदानाभोवती वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. एकाला समोरून दिसतं, दुसऱ्याला बाजूनं. त्यामुळे एकाच हालचालीला एक जण ७ देतो तर दुसरा ६.५. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण, अर्धा गुणही चालतो. प्रत्येक गुणाला शब्द ठरलेला आहे. १० म्हणजे उत्कृष्ट, ८ चांगलं, ६ समाधानकारक, ० म्हणजे केलंच नाही. पंचाशेजारी लेखनिक बसतो. पंच गुण सांगतो आणि जोडीला दोन शब्दही : 'ताल तुटला', 'अजून सरळ हवं'. तो कागद नंतर स्वाराला मिळतो. आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदींची आठवण झाली ना? फरक इतकाच, की ही नोंद त्या क्षणी पाहिलेल्या गोष्टीची असते. वर्षाअखेरीस सर्वांना सारखीच उतरवलेली नसते.

काही महत्त्वाच्या हालचालींचे गुण दुप्पट धरतात. पाचवी-सहावीच्या मुलांना हे उदाहरण देता येईल. पाच हालचालींना ७, ६.५, ८, ५ आणि ७.५ गुण मिळाले. तिसरीचे गुण दुप्पट. मग बेरीज ७ + ६.५ + १६ + ५ + ७.५ = ४२. एकूण शक्य गुण ६०. म्हणजे ७० टक्के.

आता पालकांसाठी. या खेळात वरच्या पातळीवर ७० टक्के म्हणजे अभिमानानं सांगण्यासारखे गुण. हांगझोऊला अनुष अगरवालानं वैयक्तिक कांस्यपदक जिंकलं ते ७३.०३० टक्क्यांवर. पुढे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये, व्हर्सायच्या मैदानावर तो ड्रेसेजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. तिथे त्याला ६६.४४४ टक्के मिळाले, पुढच्या फेरीत जाता आलं नाही. आपल्या घरी ६६ टक्क्यांची गुणपत्रिका आली तर काय होतं ते सांगायला नको. टक्के तेच, पण ते कशाचे आणि कुठल्या पातळीचे हे पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो.

घोडं कुठं पेंड खातं?

इथवर सगळं छान छान. पण या खेळाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही.

संगीतावरच्या ड्रेसेजचा ९४.३०० टक्क्यांचा विक्रम ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये वालेग्रो या घोड्यावर केला. जुलै २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिक तोंडावर असताना, त्यांनी स्पर्धेतून माघार घेतली. काही वर्षांपूर्वीच्या एका शिकवणीचा व्हिडिओ बाहेर आला होता. त्यात त्या एका घोड्याच्या पायांवर लांब चाबकाचे वारंवार फटके मारताना दिसत होत्या. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि आंतरराष्ट्रीय महासंघानं त्यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली.

मैदानावर पाहणाऱ्याला वाटतं, घोडा आनंदानं करतोय. तो खरंच आनंदानं करतोय की मागच्या माराच्या आठवणीनं, हे फक्त निकालावरून नेहमी कळत नाही. म्हणून सरावाच्या मैदानावर देखरेख करणारे अधिकारी नेमलेले असतात. म्हणूनच घोड्याला जखम झालेली, रक्त आलेलं दिसलं की कार्यक्रम मध्येच थांबवतात. हांगझोऊला वैयक्तिक अंतिम फेरीत हृदय छेडाला असंच बाद व्हावं लागलं. त्याच्या घोड्याच्या पायाला जखम दिसली. त्याआधीच्या फेरीत तो अव्वल होता, पदक हाताशी होतं. तरी नियम तो नियम. मुलांना सांगायला ही गोष्ट सुवर्णपदकाइतकीच मोलाची आहे. घोडा 'दुखतंय' असं सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं नियम बोलतो.

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये झेनोफननं घोड्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. जबरदस्तीनं करून घेतलेल्या गोष्टीत समजही नसते आणि सौंदर्यही नसतं, अशा आशयाचं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई करतं. छडी गेली. पण हजर असलेल्या सगळ्यांसमोर उभं करून उत्तर विचारणं, निकाल मोठ्यानं वाचणं, 'तुझ्या ताईला तर येत होतं' म्हणणं हे अजून आहेच. आपल्या वर्गातलं शांत बसलेलं मूल खरंच निवांत आहे की मान ताठ करून बसलंय? तपासणीला येणाऱ्या साहेबांना ते कळणार नाही. रोज वर्गात असलेल्या आपल्यालाच कळेल.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

• शाळेच्या मैदानावर फक्कीनं लहान आयत आखा, कडेला मराठी अक्षरं लिहा. 'क पाशी थांब, ग कडे तिरकं जा' अशा सूचना मुलांनी एकमेकांसाठी लिहायच्या आणि पाळायच्या. भाषा, भूमिती, खेळ तिन्ही होतात.

• तीन मुलांना तीन बाजूंना पंच म्हणून उभं करा. प्रत्येकानं गुण द्यायचे आणि एक वाक्यही लिहायचं. गुण वेगळे का आले यावर चर्चा घ्या. 'मला त्याचे पाय दिसतच नव्हते' हे उत्तर मुलं स्वतः शोधून काढतात.

• पालकहो, मूल घोडेस्वारीच्या वर्गाला जात असेल तर एखाद्या दिवशी अर्धा तास आधी जा. घोड्यांना पाणी, सावली आहे का, पाठीवर खोगिराचे घट्टे पडलेत का, शिकवणारे घोड्याशी आणि मदतनिसांशी कसं बोलतात ते बघा. जे घोड्याच्या वाट्याला येतं, तेच उद्या मुलाच्या वाट्याला येतं. माथेरानला सहलीला गेलात तरी हीच नजर सोबत ठेवा.

• पुढच्या वेळी वर्णनात्मक नोंद लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारा : हे मी या मुलाचं पाहिलंय, की सगळ्यांसाठी तेच लिहितोय?

सप्टेंबर आलाच आहे, पहिल्या सत्राच्या नोंदींचं घोडामैदान जवळच आहे! आयताचा खेळ तुमच्या शाळेत घेतलात तर मुलांनी कोणती अक्षरं निवडली आणि पंचांमध्ये काय वाद झाला ते जरूर कळवा.