कंटाळा येणे आणि कंटाळा करणे

दुपारचे तीन वाजलेले असतात. मुदखेडच्या बाजारपेठेत ऊन उतरायचे असते आणि गिऱ्हाईक फिरकत नसते. कापड दुकानाच्या गादीवर वडील उधारीची वही चाळत बसलेले. शहरात शिकून परतलेला मुलगा मोबाईलवरून नजर न काढता म्हणतो, “पप्पा, बोअर होतंय.” मराठवाड्यात ‘बोअर’ म्हटले की आधी शेतातली कूपनलिका आठवते; पण वडिलांना तेही ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येतो तो ‘आळस’. एका शब्दावरून दोन पिढ्यांत अबोला धरावा, असे प्रसंग व्यापारी घरांत नवे नाहीत. म्हणूनच या शब्दांचे कूळ एकदा तपासून पाहावे.

आपली भाषा याबाबतीत चांगलीच श्रीमंत आहे. ‘आळस’ हा संस्कृत ‘आलस्या’चा वारस. ‘उबग’ या शब्दाचे मूळ ‘उद्वेगा’त सांगितले जाते, त्यात मनाची अस्वस्थता आहे. ‘बेजार’ फारसीतून आला. ‘वीट’ तर कापडाच्या व्यापाऱ्याला सहज उमजावा. रंग विटतो, तसे मनही विटते. वस्तू तीच राहते, तिच्यावरील झळाळी उतरते. ‘कंटाळा’ मात्र मराठीत आणि गुजरातीत जवळजवळ एकाच रूपात नांदतो. त्यामुळे आपल्या अनेक घरांत आजीची भाषा आणि नातवाची भाषा निराळी असली, तरी दोघांचा कंटाळा एकच असतो.

इतर देशांनीही या अवस्थेला आपापल्या परीने नावे दिली. जर्मन भाषेतील शब्दाचा शब्दशः अर्थ ‘लांब वेळ’ असा होतो. आपणही ‘वेळ जाता जात नाही’ असेच म्हणतो. फ्रेंचांच्या ‘आन्वी’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील तिटकाऱ्याच्या अर्थाच्या शब्दप्रयोगात आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात तप करणाऱ्या ख्रिस्ती साधूंना भर दुपारी साधनेचा वीट येई. त्या अवस्थेला त्यांनी ‘दुपारचा राक्षस’ म्हटले. म्हणजे दुपारचे तीन हे केवळ दुकानदारालाच जड जातात असे नाही.

जैन आचार्यांनी हीच अवस्था अधिक बारकाईने पाहिली. तिचे नाव ‘अरति’. नऊ नोकषायांत तिची गणना आहे आणि मुनींनी सहन करावयाच्या बावीस परीषहांतही ती आहे. संयममार्गावर चालणाऱ्यालाही मन न रमण्याचा अनुभव येऊ शकतो, हे शास्त्राने गृहीत धरले आहे. श्वेतांबर परंपरेतील अठरा पापस्थानकांत तर ‘रति-अरति’ हे एकच स्थान मोजले आहे. दुकानाची अरति आणि मोबाईलची रति ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे यावरून ध्यानी यावे.

आता मराठीची एक खुबी पाहा. आपण ‘कंटाळा येतो’ म्हणतो आणि ‘कंटाळा करू नकोस’ असेही म्हणतो. क्रियापद बदलले की अर्थ बदलतो. कंटाळा येणे हा उदय आहे. अरति मोहनीय कर्म उदयास आले की मन उडते. तेथे रागावण्यासारखे काही नाही. कंटाळा करणे ही मात्र आपली कृती आहे आणि नवा बंध तेथेच पडतो. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत जांभई आली तर ती आली. पण सामायिकाच्या बत्तीस दोषांपैकी कायेच्या बारा दोषांत आळस, बोटे मोडणे आणि झोप यांची नोंद आहे, ती श्रावकाने सावध राहावे म्हणूनच.

याच्या पलीकडे ‘निर्वेद’ आहे. शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य ही सम्यक्त्वाची पाच लक्षणे होत. निर्वेदातही मन उडते. पण ते एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाऊन बसत नाही, संसाराच्या आसक्तीतूनच बाहेर पडू पाहते. दुकानाचा कंटाळा म्हणजे वैराग्य नव्हे, हे मुलाने ओळखावे. आणि मुलाला कंटाळा आला म्हणजे तो आळशी झाला असे नव्हे, हे वडिलांनी ओळखावे.

मग त्या दुपारी काय करावे? “बोअर होतंय” असे कानी पडताच वडिलांनी उपदेशाऐवजी एक प्रश्न विचारावा : “कशाचा कंटाळा आला, बाळा?” कदाचित त्याला गादीचा नव्हे, तर काहीच सोपवले जात नसल्याचा वीट आला असेल. वही त्याच्या हाती द्यावी, खरेदीचा एखादा निर्णय त्याच्यावर सोडावा. मुलानेही मोबाईल बाजूला ठेवून त्या रिकाम्या घटकेत दोन पाने स्वाध्याय करून पाहावा. कंटाळा येईल, जाईल. तो करायचा की नाही, एवढे मात्र आपल्या हाती आहे.