जुन्या कागदाला किंमत कुठून येते?



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक मावशी पाच रुपयांची जुनी नोट घेऊन आल्या. नोटेवर ट्रॅक्टरचं चित्र. नातवाने मोबाईलवर पाहिलं होतं, की अशा नोटेला लाखो रुपये मिळतात. फोन केला तर समोरच्या माणसाने आधी नोंदणीचे अडीच हजार भरायला सांगितले. मावशी तेवढं कर्ज गटाकडे मागायला आल्या होत्या. "जुनं ते सोनं म्हणतात ना, मग?" असं त्यांनी विचारलं, आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मी वाचत बसले. वाचता वाचता अमेरिकेतल्या बेसबॉल कार्डांची गोष्ट हाती लागली. आज तीच सांगते.

बेसबॉल म्हणजे तिकडचा चेंडू-फळीचा खेळ. आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड, तेच तिकडे बेसबॉलचं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या सिगारेट कंपन्या पाकिटात खेळाडूचं चित्र असलेलं जाड कागदाचं कार्ड घालायच्या. पुढे ही कार्डं बबलगमबरोबर येऊ लागली. आपण लहानपणी काडेपेटीचे छाप जमवायचो, गोळ्या-बबलगमबरोबर आलेली चित्रं वहीत ठेवायचो, तसंच तिकडची मुलं ही कार्डं जमवायची.

प्रत्येक कार्डावर क्रमांक असतो आणि सगळे क्रमांक मिळाले की संच पूर्ण होतो. इथेच कंपनीची हुशारी कळते. १९३३ मध्ये गाउडी नावाच्या कंपनीने २४० कार्डांचा संच काढला, पण १०६ क्रमांकाचं कार्ड त्या वर्षी पाकिटात घातलंच नाही. पोरं बिचारी ते मिळेल म्हणून गम घेत राहिली. ज्यांनी कंपनीला पत्र लिहून तक्रार केली, त्यांना ते कार्ड पुढच्या वर्षी टपालाने मिळालं. आज त्या संचातलं सगळ्यात दुर्मीळ कार्ड तेच आहे.

सगळ्यात गाजलेला संच १९५२ सालचा, टॉप्स कंपनीचा. साय बर्जर नावाच्या कर्मचाऱ्याने सहकाऱ्याबरोबर न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याची आखणी केली. एकूण कार्डं ४०७. ती टप्प्याटप्प्याने दुकानात आली. शेवटचा टप्पा, म्हणजे ३११ ते ४०७, हंगाम संपत आला तेव्हा पोचला. तोवर मुलांचं लक्ष दुसऱ्या खेळाकडे गेलं होतं. दुकानदारांनी माल उचलला नाही. पेट्याच्या पेट्या गोदामात पडून राहिल्या. बर्जर सांगत, की १९६०च्या सुमारास जागा मोकळी करायला त्यांनी तो माल बोटीतून नेऊन समुद्रात बुडवला.

त्याच टप्प्यातलं पहिलं कार्ड, क्रमांक ३११, मिकी मँटल या खेळाडूचं. त्याची एक अगदी कोरी राहिलेली प्रत १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकली गेली होती. तीच २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. आपल्या हिशेबात शंभर कोटी रुपयांच्या आसपास!

आता वाटेल, जुनं म्हणूनच ना? नाही. त्याच संचातल्या साध्या खेळाडूंची, कोपरे झिजलेली कार्डं अगदी थोड्या डॉलरमध्ये मिळतात. वय सगळ्यांचं सारखंच. फरक तीन गोष्टींचा. पहिली, किती प्रती शिल्लक आहेत. दुसरी, ती हवी असणारी माणसं किती आहेत. तिसरी, कार्डाची अवस्था कशी आहे. कोपरे टोकदार आहेत का, घडी पडली आहे का, चित्र मधोमध छापलंय का, हे सगळं बघतात. त्यासाठी वेगळ्या तपासणी कंपन्या असतात. त्या १ ते १० गुण देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत सील करून देतात.

तिथे एक वाक्य घरोघरी ऐकू येतं: "माझी कार्डं आईने फेकून दिली." मुलगा मोठा झाला, आईने घर आवरलं, खोकं कचऱ्यात गेलं. सगळा दोष आईवर! पण बायांनो, असं घराघरात झालं म्हणूनच उरलेल्या कार्डांना किंमत आली. उलटं काय होतं तेही तिथे दिसलं. जुन्या कार्डांचे भाव ऐकून १९८०च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी नवी कार्डं खोक्याखोक्यांनी घेऊन जपून ठेवली, आणि कंपन्यांनीही वारेमाप छापली. कुणीच फेकली नाहीत. आज त्यातल्या बहुतेक कार्डांना रद्दीसारखा भाव आहे.

जाणते लोक संच कसा जमवतात, तेही ऐकण्यासारखं आहे. आधी कुठला संच ते ठरवायचं आणि सगळ्या क्रमांकांची यादी करायची. स्वस्त, साधी कार्डं आधी घ्यायची, महाग कार्ड शेवटी. एकच क्रमांक दोनदा आला तर दुसऱ्याशी अदलाबदल करायची. प्रत्येक खरेदी वहीत लिहायची. आणि खऱ्या-खोट्याची पारख करायची, कारण टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये १९५२च्या संचाची पुन्हा छपाई केली होती. ती कार्डं आकाराने लहान आहेत, पण नवख्या माणसाला ती जुनीच वाटू शकतात. असे संच जमवायला वर्षानुवर्षं लागतात. हा छंद आहे, आणि खर्चाचा आहे. घर चालवायचा पैसा त्यात कुणी शहाणा घालत नाही.

तर मावशींची नोट. तिला मी हेच तीन प्रश्न लावले. अशा नोटा किती शिल्लक आहेत? पुष्कळ. कुणाला हवी आहे? बाजारात ती अजून पाचच रुपयांना चालते. अवस्था? चार घड्या आणि हळदीचा डाग! चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: विकत घेणारा आपल्याकडेच पैसे का मागतोय? खरा गिऱ्हाईक वस्तू बघतो आणि पैसे देतो. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही. बँकेचं नाव सांगून कुणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

मावशींनी ते कर्ज घेतलं नाही. नोट पुन्हा देवघरातल्या डबीत गेली. त्यांच्या नवऱ्याने पहिल्या पगारातून हातात ठेवलेली ती नोट आहे, हे त्यांनी मला निघताना सांगितलं.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात हे चार प्रश्न जरूर सांगा. मोबाईल हाताळणाऱ्या पोरांनाही जवळ बसवून सांगा.