राजाश्रय, लोकाश्रय आणि पाश्चात्त्य संगीत

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासाचे प्रबोधनकाळ, बरोक, अभिजात, रोमँटिक आणि आधुनिक असे कालखंड पाडण्याचा प्रघात आहे. ही विभागणी शैलीवर आधारलेली आहे. परंतु संगीतकाराच्या चरितार्थाची सोय कोण करीत होते, असा प्रश्न विचारला की याच कालखंडांचा निराळा अर्थ लागतो.

मध्ययुगात चर्च हेच संगीताचे प्रमुख आश्रयस्थान होते. रचनाकाराचे नाव पुष्कळदा अज्ञातच राही. १५०१ मध्ये पेत्रुच्ची याने व्हेनिसमध्ये बहुस्वरी रचनांचा छापील संग्रह काढला आणि संगीत ही बाजारात विकता येणारी वस्तू झाली. त्याच शहरात १६३७ मध्ये तिकीट काढून प्रवेश देणारे ऑपेरागृह उघडले. बाजारपेठेचा पाया असा घातला गेला. तरीही संगीतकार दीर्घकाळ सेवकच राहिला. सेवामुक्तीचा आग्रह धरल्याबद्दल योहान सेबास्टियन बाख याला १७१७ मध्ये वायमार येथे जवळजवळ महिनाभर कैदेत राहावे लागले. हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत शिरला, तेव्हा करारानुसार त्याला गणवेश घालावा लागे आणि त्याच्या रचनांवर धन्याचा हक्क असे. १७७९ च्या नव्या करारात ही मालकीची अट गळाली. पुढे लंडनच्या श्रोत्यांनी त्याला मान आणि धन दोन्ही दिले.

मोझार्टने १७८१ मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडून व्हिएन्नात स्वतंत्र व्यवसाय मांडला. प्राप्ती चांगली होती, पण बेभरवशाची. अखेरच्या वर्षांत त्याला मित्रांकडे उसनवारी करावी लागली. बेथोव्हेनला १८०९ मध्ये तीन उमरावांनी वार्षिक ४,००० फ्लोरिन देण्याचे कबूल केले. काय रचावे, याविषयी अट नव्हती. केवळ ऑस्ट्रियात राहावे, एवढीच अपेक्षा होती. परंतु १८११ मध्ये ऑस्ट्रियन सरकारने कागदी चलनाचे मूल्य एक पंचमांशावर आणले आणि या वेतनाचा कणाच मोडला. त्यांतील एका उमरावाच्या वारसांशी चाललेला वाद १८१५ पर्यंत मिटला नाही. धनी दूर झाला, तरी चलनवाढ दूर होत नाही, हा धडा त्यात आहे.

स्वातंत्र्याला खरा आधार मिळाला तो कायद्याचा. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत आपलीच रचना वाजविली जात असल्याचे पाहून गीतकार बुर्जे याने पेयांचे पैसे देण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले, त्याचा पक्ष ग्राह्य ठरला आणि १८५१ मध्ये फ्रान्समध्ये रचनाकारांचे मानधन गोळा करणारी संस्था उभी राहिली.

राजाश्रय गेला म्हणून कलावंत आपोआप स्वतंत्र होत नाही. लोकाश्रयही तेव्हाच आश्रय ठरतो, जेव्हा ऐकणाऱ्याने दिलेल्या पैशातील न्याय्य वाटा रचणाऱ्याच्या हाती पडतो. रोमँटिक काळाने कलावंताला प्रतिष्ठा दिली खरी. पण त्याच्या पोटाचा प्रश्न सुटला तो प्रतिष्ठेने नव्हे, हक्काने. ध्वनिमुद्रण क्षणार्धात जगभर पोहोचविणाऱ्या आजच्या काळात हा हक्क जपणे अधिकच अगत्याचे आहे.